मोडीत काय काढायचे : ट्रक की कारागीर?

तालुक्याच्या गावाबाहेर, महामार्गाच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली जुना ट्रक उघडा करून ठेवलेला असणे हे महाराष्ट्रातील नित्याचे दृश्य आहे. चासी एका गाडीची, मागचा आस दुसरीचा, गिअरबॉक्स लिलावात विकल्या गेलेल्या तिसरीचा. चार-सहा आठवड्यांनी तोच ट्रक पाण्याचा टँकर किंवा उसाची गाडी होऊन रस्त्यावर येतो. शहरातील सुशिक्षित या उद्योगाला ‘जुगाड’ म्हणतो, शासन त्याला प्रदूषणाचे मूळ म्हणते, आणि मोटार कंपन्यांना तो आपल्या बाजारपेठेतील अडथळा वाटतो. हे काम करणाऱ्या मिस्त्रीला मात्र कोणी काही विचारत नाही. भंगार धोरणाची चर्चा गेली काही वर्षे चालू असूनही तिच्यात या माणसाचा उल्लेख सापडत नाही. ही उणीव साधी नाही.

या कामामागे एक इतिहास आहे. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधण्यास आरंभ केला. पुढे लांब नाक असलेला, १२ टन एकूण वजनाचा आणि सुमारे १०० अश्वशक्तीचा म्हणून ‘१२१०’ या आकड्याने ओळखला गेलेला ट्रक त्याच परंपरेतला. हा करार १९६९ साली संपला, पण ट्रक धावतच राहिले. मद्रासला १९५५ पासून अशोक लेलँडच्या गाड्या निघू लागल्या होत्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज व फार्गो बाहेर पडत होत्या. तो काळ परकीय चलनाच्या टंचाईचा होता. नव्या गाडीसाठी ताटकळावे लागे, सुटे भाग दुर्मिळ असत. त्यातच कारखाना बहुधा उघडी चासीच देई. केबिन व हौदा गावचे सुतार आणि लोहार बांधीत. म्हणजे या देशातील मालट्रक जन्मापासूनच अर्धा कारखान्याचा आणि अर्धा कारागिराचा होता. जुन्या गाडीच्या भागांतून दुसरी गाडी उभी करण्याची कला ही या टंचाईने आणि या श्रमविभागणीने घडविलेली आहे.

ही कला म्हणजे केवळ ठोकाठोक नव्हे. झिजलेला क्रँकशाफ्ट पाव मिलिमीटरने घासावयाचा आणि त्या मापाची बेअरिंगे बसवावयाची. पुन्हा झिजला तर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जावयाचे. मागच्या आसातील क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चक्रे जोडीनेच आणावयाची, कारण त्यांचे दात एकमेकांशी जुळविलेले असतात. दोन गाड्यांची दोन चक्रे एकत्र केली तर काही दिवसांतच आवाज सुरू होतो आणि दात झडतात. चासीच्या आडव्या पट्टीला भोक पाडले तर तेथूनच तडा सुरू होतो, म्हणून भोक उभ्या भागात घ्यावयाचे. बिडाच्या भागावर हातोडीचा हलका टोला मारून आवाजावरून त्यातील चीर ओळखावयाची. कोणता भाग पुन्हा वापरता येईल आणि कोणता फेकलाच पाहिजे, हा निर्णय या विद्येचा गाभा आहे. गिअरबॉक्सचे कवच, आसाचे आवरण, इंजिनाचा ब्लॉक हे दीर्घायुषी भाग; ब्रेकची रबरे, नळ्या आणि स्टिअरिंगचे झिजलेले सांधे हे कधीही पुन्हा न वापरावयाचे. जाणता मिस्त्री हा भेद पाळतो. नाडलेला मालक त्याला तो मोडावयास लावतो. अपघाताचे बीज बहुधा येथे पडते.

अशा या ट्रककडे राज्यव्यवस्था कोणत्या दृष्टीने पाहते? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पुरातन वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक आणि वारसा म्हणून मान्यता मिळू लागली. शुल्क २०,००० रुपये. मात्र ही सोय खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी गाड्यांपुरतीच आहे. संस्थानिकाची मोटार वारसा ठरली. धरणांचे सिमेंट आणि दुष्काळातील धान्य वाहणारा ट्रक ठरला नाही. शिवाय चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशीही अट आहे. ज्या गाडीला पोटासाठी राबावे लागले तिचे भाग बदलणारच. न राबलेली गाडी वारसा आणि राबलेली गाडी भंगार, असा हा न्याय आहे.

त्याच वर्षी, १३ ऑगस्ट २०२१ रोजी, वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. केवळ वयामुळे गाडी मोडीत जाणार नाही, योग्यता तपासणीत नापास झाली तरच जाईल, असे सांगण्यात आले. तत्त्व म्हणून हे रास्त आहे. परंतु तत्त्वाच्या मागोमाग शुल्क आले. ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेने १५ वर्षांवरील जड वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये ठरविले. गाडी सुस्थितीत असो वा नसो, शुल्क तेच. म्हणजे शिक्षा दोषाला नव्हे, वयाला झाली.

सवलतींचा हिशोब तर अधिकच बोलका आहे. जुनी गाडी मोडीत देऊन नवी घेणाऱ्यास रस्ता करात सूट देण्याची तरतूद झाली : खाजगी मोटारीच्या मालकास २५ टक्क्यांपर्यंत, मालवाहू गाडीच्या मालकास १५ टक्क्यांपर्यंत. मौजेसाठी गाडी बाळगणाऱ्याला अधिक आणि तिच्यावर पोट असणाऱ्याला कमी! आणि ही सूटही नवी गाडी घेणाऱ्यालाच. जुना ट्रक चालविणारा बहुतेक वेळा त्याचा तिसरा किंवा चौथा मालक असतो. कालपर्यंत तो दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर, मग ड्रायव्हर होता. कर्ज काढून तो स्वतःच्या चाकावर बसला. नव्या जड ट्रकची किंमत लाखांच्या अनेक आकड्यांत जाते. नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य हातात घेऊन हा माणूस नवा ट्रक घेणार नाही. तो पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर होईल, आणि त्याचा धंदा ताफा बाळगणाऱ्या मोठ्या वाहतूक कंपनीकडे जाईल. धोरणाच्या कागदावर याला आधुनिकीकरण म्हणतात.

तथापि या प्रश्नाची दुसरी बाजू झाकून ठेवणे हा प्रामाणिकपणा होणार नाही. डिझेलच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे. तो धूर सर्वांत आधी ड्रायव्हर, क्लीनर आणि मिस्त्री यांच्याच छातीत जातो, नंतर रस्त्याकडेच्या झोपड्यांत शिरतो. जुन्या भागांच्या बाजारात चोरीच्या गाड्याही तोडल्या जातात. मीरतचा सोतीगंज बाजार पोलिसांच्या कारवाईनंतर डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला तो याच कारणाने. आणि भंगाराच्या कामात माणसाच्या जिवाची किंमत किती अल्प असते, ते दिल्लीच्या मायापुरीत एप्रिल २०१० मध्ये दिसले. एका विद्यापीठाने विकलेल्या निकामी उपकरणातील किरणोत्सारी कोबाल्ट तेथील कामगारांनी अजाणता उघडले, आणि त्यांतील एकाचा अंत झाला. तेव्हा गरिबाचा धंदा म्हणून धुराचे, चोरीचे किंवा फुटक्या ब्रेकचे समर्थन कोणत्याही श्रमिक चळवळीने करू नये. त्यात मरणारा गरीबच असतो.

पुनर्वापर हा शब्द स्वतःच पुण्यवान नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. अमेरिकेत नव्याकोऱ्या चासी-केबिनीत जुने, दुरुस्त केलेले इंजिन बसवून ट्रक विकण्याची पद्धत होती. अपघातग्रस्त गाडीचे चांगले इंजिन वाया जाऊ नये, हा तिचा मूळ हेतू. पुढे नव्या इंजिनांवरील धुराचे निर्बंध चुकविण्यासाठी काही उत्पादकांनी याच पद्धतीने ट्रकांचे घाऊक उत्पादन सुरू केले. २०१६ च्या नियमाने तेथील सरकारला त्यावर संख्येची मर्यादा घालावी लागली, आणि पुढच्याच वर्षी ती उठविण्याचा प्रस्तावही पुढे आला. कारागिराची विद्या नफ्याच्या हाती गेली की तिचे काय होते, याचा हा धडा आहे.

मग मार्ग कोणता? तो दूर शोधावयास नको. तो महाराष्ट्राच्या एस.टी.ने दाखविला आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत एस.टी.चे कामगार जुन्या चासीवर नवा पोलादी सांगाडा बांधीत आले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी वाहतूक ठप्प झाली तेव्हा याच महामंडळाने जुन्या बसगाड्यांचे मालट्रक केले आणि मालवाहतूक सुरू केली. रस्त्याकडेचा मिस्त्री जे करतो तेच हे काम होते. फरक एवढाच की येथे ते अभियंत्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मापांनी, पगारी आणि संघटित कामगारांच्या हातून झाले. त्याला कोणी ‘जुगाड’ म्हटले नाही.

हीच सोय छोट्या मालकाला आणि मिस्त्रीला का असू नये? मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही मनाई उचलून धरली. सुरक्षिततेसाठी तिची गरज आहे. परंतु नुसत्या मनाईने काम थांबत नाही, ते अंधारात जाते. म्हणून मागणी नेमकी असावी. प्रत्येक जिल्ह्यात सार्वजनिक किंवा सहकारी पुनर्बांधणी कार्यशाळा हवी. तेथे आस, गिअरबॉक्स आणि इंजिन तपासून, त्यांच्यावर मूळ गाडीचा क्रमांक नोंदवून, हमीसह विकले जावे. असे झाले तर चोरीच्या मालाचा बाजार आपोआप आटेल. फ्रान्समध्ये मोटारदुरुस्ती करणाऱ्याने गिऱ्हाइकाला जुन्या, तपासलेल्या भागांचा पर्याय दिलाच पाहिजे, असा नियम २०१७ पासून आहे. तो येथे आणण्यास अडचण नसावी. योग्यता तपासणीचे शुल्क वयावर न ठरविता, नापास गाडीच्या फेरतपासणीवर ठरवावे. मिस्त्रींना अनुभवाच्या आधारे परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे. धुराच्या कसोटीत न बसणारे इंजिन बदलण्यासाठी छोट्या मालकास कमी व्याजाचे कर्ज मिळावे. आणि शहरात धावू न देण्याजोगा ट्रक खरोखरच मोडीत निघावा, पण त्याच्या मालकाला उपजीविकेचे साधन देऊन. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. पुनर्बांधणीत जुन्या केबिनीतील ड्रायव्हरलाही इंजिनाच्या धगीपासून निदान एक जाड पडदा मिळाला पाहिजे.

१ एप्रिल २०२५ पासून वाहने मोडीत काढण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम अमलात आले. त्या जबाबदारीचे माप आहे पोलाद. वितळविलेले पोलाद मोजता येते. वितळू न दिलेल्या आसाची आणि तो ओळखणाऱ्या हाताची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची, हे कोणी ठरविलेले नाही. तो रकाना निर्माण करावयास लावणे हे कामगार संघटनांचे काम आहे. गॅरेजमधील मिस्त्री आजवर कोणत्याही संघटनेच्या पटावर फारसा आलेला नाही; तो मालकही नाही आणि कायद्याने कामगारही नाही. तालुक्यातील कार्यकर्त्याने महामार्गाकडेच्या त्या शेडपाशी थांबावे, त्याची विद्या समजून घ्यावी आणि त्याच्या मागण्या लिहून घ्याव्यात. जुना ट्रक आज ना उद्या मोडीत जाईलच. तो उभा करणारा कारागीर त्याच्याबरोबर मोडीत निघणार नाही, हे पाहणे अजून हातात आहे.