विश्लेषण : घरातला फिश टँक खाऱ्या पाण्याचा की गोड्या?

निळ्या प्रकाशात डोलणारे प्रवाळ आणि त्यात लपाछपी खेळणारा नारिंगी-पांढरा ‘निमो’. असे रील पाहिले की आपल्याही हॉलमध्ये छोटासा समुद्र असावा असे वाटतेच. दुकानदारही ‘आता सगळे रेडिमेड मिळते, काही अवघड नाही’ असे सांगतो. पण महाराष्ट्रातल्या साध्या फ्लॅटमध्ये पहिलाच टँक ठेवायचा असेल, तर तो गोड्या पाण्याचाच असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्याचे कारण फक्त पैसा नाही.

फरक केवळ मिठाचाच ना?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या टँकला साडेतीन किलो. किराणा दुकानातले मीठ इथे चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे योग्य प्रमाणात असलेले खास सागरी मीठ आणावे लागते, तेही आरओच्या पाण्यात विरघळवून. जुहू किंवा गिरगाव चौपाटीवरून कॅन भरून आणण्याचा विचार तर सोडूनच द्या. त्या पाण्यात सांडपाणी आणि गाळही असतो.

खरी गोम पुढे आहे. टँकमधले पाणी रोज थोडे उडून जाते, मीठ मात्र मागेच राहते. १०० लिटरमधले दिवसाला दोन लिटर उडाले तर पाच दिवसांत ९० लिटर उरतात आणि ३५ चा आकडा ३९ च्या जवळ पोहोचतो. ही तूट खाऱ्या नव्हे, तर साध्या आरओ पाण्याने भरायची असते, तीही जवळजवळ रोज. समुद्रात क्षारांचे प्रमाण वर्षभर फारसे हलत नाही, त्यामुळे प्रवाळांना असे चढउतार सोसत नाहीत. याउलट नदी-नाल्यांतल्या माशांनी पूर, गढूळ पाणी, आटलेले डोह असे सगळे पाहिलेले असते. गुप्पी, मोली, झेब्रा डॅनिओ यांच्यासारखे मासे तुमची दोन दिवसांची सुट्टी सहज निभावून नेतात.

एप्रिल-मेमध्ये काय होते?

दुकानात ज्याची चर्चा सहसा होत नाही तो प्रश्न हाच. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच कमी असतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७ मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. प्रवाळांचा टँक साधारण २४ ते २७ अंशांत ठेवावा लागतो. नागपूर, अकोला, जळगावच्या उन्हाळ्यात बंद घराचे तापमान कुठे जाते हे तिथल्या वाचकांना सांगायला नको.

टँकवर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, पण ते बाष्पीभवनामुळेच. म्हणजे तापमान सांभाळायला जावे तर क्षार वाढतात. मुंबईच्या दमट हवेत तर पंख्याचा उपयोगही कमीच. मग उरतो चिलर. तो एकटाच गोड्या पाण्याच्या अख्ख्या छोट्या सेटअपपेक्षा महाग पडू शकतो. शिवाय १५० वॅटचा चिलर दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला ४५ युनिट होतात. पंप आणि दिवे यांचा खर्च वेगळाच. रात्री तीन-चार तास वीज गेली आणि इन्व्हर्टर नसेल, तर सकाळी काय दिसेल याचा अंदाज बांधता येतो. मोजकेच मासे असलेला गोड्या पाण्याचा टँक तेवढा वेळ बहुतेकदा तग धरतो.

पाण्याचे गणितही पाहा. १०० लिटरच्या टँकमधले १५ लिटर पाणी दर आठवड्याला बदलायचे, तर दर वेळी अर्धा किलोहून अधिक मीठ आणि तेवढे आरओ पाणी लागते. घरगुती आरओ यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. जिथे टँकरची वाट पाहावी लागते, तिथे या टँकचे काय करायचे?

मासे येतात कुठून?

आमच्या मते सर्वात मोठा मुद्दा हाच. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे फार्मवर वाढवलेले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतेक आजही थेट प्रवाळबेटांवरून पकडले जातात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात मासे बेशुद्ध करण्यासाठी सायनाइड फवारण्याची पद्धत अनेक दशके चालत आली आहे. त्यात प्रवाळही मरतात आणि पकडलेले मासेही पुढे टिकत नाहीत. भारतात प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत. आपल्या समुद्रातले प्रवाळ ‘स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेले बरे.

गोड्या पाण्याची बाजूही अगदी स्वच्छ नाही. ‘मिस केरळ’ नावाने विकला जाणारा डेनिसन बार्ब पश्चिम घाटातल्या नद्यांतून इतका उपसला गेला की तो आज संकटग्रस्त प्रजातींत गणला जातो. टँकमधून बाहेर सोडलेला सकर मासा देशातल्या अनेक जलाशयांत स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे. नको झालेला मासा तळ्यात सोडू नका, दुकानदाराला परत द्या.

मग सुरुवात कशी करायची?

काचेचे भांडे आणि दोन गोल्डफिश, हे नको. गोल्डफिश भरपूर घाण करतो, मोठा होतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. ६० ते १०० लिटरचा टँक घ्या. छोट्या टँकपेक्षा तो सांभाळायला सोपा, कारण जास्त पाण्यात बदल सावकाश होतात. पाणी भरल्यावर लगेच मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँकमध्ये चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळेल. घरचे हसतील, हसू द्या. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढायला अँटी-क्लोरीनचे थेंब वापरा. बोअरचे जड पाणी असेल तर गुप्पी-मोली, धरणाचे मऊ पाणी असेल तर टेट्रा. पाण्याला माशाजोगे करण्यापेक्षा पाण्याजोगा मासा निवडणे सोपे जाते.

तरीही समुद्रच हवा असेल तर?

वर्षभर गोड्या पाण्याचा टँक नीट चालवा, मग प्रवाळांशिवाय फक्त क्लाउनफिशच्या जोडीपासून सुरुवात करा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करण्याचे तंत्र विकसित केले आहे, त्यामुळे हा मासा समुद्रातून पकडूनच आणावा लागतो असे नाही. विकणाऱ्याला ‘हॅचरीचा आहे का?’ असे थेट विचारा. आणि पैसे देण्याआधी माशाला तुमच्यासमोर खाद्य घालायला सांगा. त्याने तोंड लावले नाही, तर रिकाम्या हाताने घरी या.