पाचारण आणि पोटतिडीक

ख्रिस्तमंडळीच्या सेवेत असलेल्या तरुणांची एक तक्रार अलीकडे वारंवार कानी येते. पाळक असो, धर्मभगिनी असो, शाळेतला मास्तर असो. काम चालू आहे, पण जीव त्यात रमत नाही, पूर्वीची पोटतिडीक आता उरली नाही, असे ते सांगतात. या तक्रारीवर मंडळीचा तोडगाही ठरलेला आहे. थंड हवेच्या ठिकाणी तीन दिवसांचे शिबिर भरवावे, पाचारणावर दोन व्याख्याने व्हावीत, थोडे गायन व्हावे आणि मंडळींनी ताजेतवाने होऊन परतावे. परतल्यावर महिनाभरात पुन्हा तोच शुष्कपणा येतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच शिबिर भरते.

आमच्या मते हा उपचार मुळातच चुकला आहे. पोटतिडीक ही व्याख्यानातून घरी नेण्याची वस्तू नाही. एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट दुःखाशी रोजचा संबंध आला म्हणजे ती अंगात भिनते. तो संबंध तुटला की ओसरते. आणि हा संबंध मंडळीने आपल्याच हाताने तोडला आहे. हुशार तरुणाला आपण समित्या, इतिवृत्ते, मिळकतींचे दावे आणि समारंभांच्या निमंत्रणपत्रिका यांत गुंतवतो, आणि मग त्याच्या हृदयातील अग्नी का विझला म्हणून हळहळतो. सरपण काढून घेतल्यावर चूल पेटत नाही, यात नवल ते काय?

हे विधान पडताळून पाहावयाचे असेल, तर वाचकांनी माळव्यात चलावे. धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला पवारांच्या गाद्यांमुळे ठाऊक आहेत. देवास तर कुमार गंधर्वांच्या वास्तव्यामुळे आणखीच जवळचे. परंतु याच मुलखात सेवेचे दोन धडे लिहिले गेले आहेत, आणि आमचा मराठी ख्रिस्ती समाज ते क्वचितच वाचतो.

पहिला धडा धारचा. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा १८९१ साली हिंदुस्थानात आल्या. आधी इंदूरला आणि नंतर धारला त्यांनी काम केले. पडद्यातील स्त्री मरणाच्या दारी असली तरी पुरुष वैद्यापुढे येत नसे; तेव्हा स्त्री डॉक्टरचे प्रयोजन काय, हे त्यांना कोणा व्याख्यात्याने सांगावे लागले नाही. ते दारात येऊन उभे होते. पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. संवत १९५६ मधील म्हणून त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात. भिल्लांच्या वस्त्या उजाड झाल्या, पोरकी मुले रस्त्यावर आली. दवाखाना सांभाळणाऱ्या या बाईंनी त्या मुलांचा सांभाळही अंगावर घेतला. सुमारे तीन तपांचे आयुष्य त्यांनी या देशाला दिले. इतका काळ टिकणारी तळमळ उत्साहाच्या भरावर टिकत नसते. उद्या सकाळी कोण रोगी येणार आहे, हे ठाऊक असल्यामुळे ती टिकते.

दुसरा धडा देवास जिल्ह्यातील उदयनगरचा. केरळात १९५४ साली जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया १९९२ मध्ये तेथे आल्या. भूमिहीन मजूर आणि आदिवासी सावकाराच्या वहीत पिढ्यानपिढ्या अडकलेले होते. सिस्टरांनी त्यांना सरकारी योजनांची माहिती दिली, बँकेचा मार्ग दाखविला, बचतीची आणि संघटनेची सवय लावली. यात चमत्कार काहीच नव्हता. अर्ज, अंगठे, हेलपाटे आणि हिशेब एवढेच होते. पण सावकारीला त्याची झळ लागली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमधून त्यांना खाली ओढून भोसकून मारण्यात आले. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी पुढे तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया ‘धन्य’ म्हणून घोषित झाल्या.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, सर्वांनाच हुतात्मा होता येत नाही. खरे आहे, पण तसे कोणी मागतही नाही. राणी मारियांचे मरण अनुकरणासाठी नाही, त्यांचे हेलपाटे अनुकरणासाठी आहेत. आपण मात्र त्यांच्या मरणाची तसबीर भिंतीवर लावतो आणि बँकेच्या अर्जाचे काम ‘आध्यात्मिक नव्हे’ म्हणून बाजूला सारतो.

दुसरा आक्षेप बाहेरचा आणि अधिक कठोर आहे. दवाखाने आणि शाळा हे धर्मांतराचे गळ आहेत, असा आरोप जुन्या मध्य प्रदेशाच्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात केला, आणि तो आजही ऐकू येतो. त्याने चिडून जाण्याचे कारण नाही. जेथे कोणी सेवेला गळ बनविले असेल, तेथे आरोप यथार्थच आहे. आम्ही तर आणखी पुढे जाऊन म्हणतो की, असा सेवक सर्वांआधी स्वतःची पोटतिडीक गमावतो. कारण त्याचे लक्ष रोग्याकडे नसून नोंदवहीकडे असते. ज्याला माणूस साधन वाटतो, त्याला माणसाविषयी तळमळ कशी वाटणार?

कोकणी वाचकांना ही गोष्ट नवी नसावी. बाणावलीचे संत जुझे वाझ १६८७ साली मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले. कँडीत १६९७ साली देवीची साथ आली तेव्हा घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली. त्या रोग्यांत धर्माचा भेद त्यांनी पाहिला नाही. बौद्ध राजाचा विश्वास त्यांना मिळाला तो या शुश्रूषेमुळे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सेमिनरीतील प्रत्येक उमेदवाराने दीक्षेपूर्वी निदान दोन वर्षे एखाद्या खेड्यात, व्यासपीठाविना राहावे. माळव्यात गेला तर त्याने माळवी आणि भिली शिकावी. परिचारिका, हिशेबनीस, बालवाडीची बाई यांचे काम पाळकाच्या कामाइतकेच पाचारण मानून त्यांना मंडळीच्या निर्णयांत मत द्यावे. आणि शिबिरांचा निम्मा खर्च अशा ठिकाणांकडे वळवावा.

हे करण्याची तयारी नसेल, तर निदान तरुणांना दोष देणे तरी थांबवावे. त्यांच्या अंतःकरणात काही कमी आहे असे आम्हांस वाटत नाही. आपण त्यांना ज्या खुर्चीवर बसविले आहे, तिच्यासमोर कोणी दुःखी माणूस येतच नाही.