अभ्यासाला बसायचे कुठे?

परीक्षांचे दिवस आले की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, ‘लक्ष कुठे आहे तुझं?’ विचारणारे आईवडील आणि खाली मान घालणारे पोर, दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात : लक्ष लागणे ही निग्रहाची बाब आहे आणि ते लागत नसेल तर दोष मुलाचाच. टेबल कुठे आहे, खिडकी कशावर उघडते, हातातले यंत्र कोणी आणि कशासाठी घडवले, याची चौकशी सहसा होत नाही.

न्यूयॉर्कमध्ये एकदा अशी चौकशी झाली होती. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला एका प्राथमिक शाळेजवळून उंचावरची रेल्वे जाते. शाळेच्या एका बाजूचे वर्ग रुळांकडे तोंड करून, दुसरे विरुद्ध बाजूला. साधारण दर साडेचार मिनिटांनी गाडी यायची आणि अर्धा मिनिट खडखडाट चालायचा. तेवढा वेळ बाईंनी एकतर गप्प राहायचे, नाहीतर ओरडून शिकवायचे. मानसशास्त्राच्या प्राध्यापक आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचनाचे गुण ताडून पाहिले. १९७५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, सहावीपर्यंत रुळांकडची मुले वाचनात जवळजवळ वर्षभराने मागे पडत होती. शाळा तीच, अभ्यासक्रम तोच. फरक खिडकीच्या दिशेचा.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. रेल्वेने तिथल्या रुळांखाली रबरी गाद्या बसवल्या, शिक्षण खात्याने वर्गांना आवाज शोषणारी छते लावली. पुन्हा तपासणी झाली, तिचे निष्कर्ष १९८१ साली आले. दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली होती! मधल्या काळात त्या मुलांना मनोनिग्रहाचे धडे कोणी दिले नव्हते.

आपल्याकडे कायदा तरी याच दिशेचा होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि दिवसा ५० डेसिबलची मर्यादा घातली. २०१७ साली त्यात दुरुस्ती झाली : राज्य सरकारने खास जाहीर केल्याशिवाय कोणताही भाग शांतता क्षेत्र नाही. म्हणजे शांतता हा नियम होता, तो अपवाद झाला. मुंबई-पुण्यात मेट्रोचे खांब उभे राहिले, रस्ते रुंद झाले. त्या वेळी शेजारच्या शाळेचे वर्ग कोणत्या बाजूला आहेत, हे किती ठिकाणी पाहिले गेले असेल?

जागेचे मोल कळायला पुण्याच्या पेठांतली एखादी अभ्यासिका पाहावी. स्पर्धा परीक्षेसाठी गावाकडून आलेली मुले-मुली तिथे दरमहा पैसे भरतात ते एका खुर्चीसाठी. पुस्तक त्यांचे स्वतःचेच असते. मिळते काय? ठरलेली जागा, दोन बाजूंना पाट्या, डोक्यावर दिवा आणि आजूबाजूला वाचणारी माणसे. शेजारी वाचतो आहे म्हटल्यावर उठायला संकोच वाटतो, हा त्या खोलीचा सर्वांत मोठा गुण. ही तुमच्या-आमच्या घरातल्या खोलीपेक्षा फार मोठी नसते, पण एकाच कामासाठी मांडलेली असते. ज्याच्या घरी पाच माणसांत एक खोली आहे, त्याला ही खुर्ची विकत घ्यावी लागते. आणि ज्याला ती परवडत नाही, त्याच्या गुणपत्रिकेवर ही अडचण कुठेही लिहिलेली नसते. महापालिकेचे वाचनालय रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवणे ही म्हणूनच चैन नव्हे.

आता त्या खुर्चीवर बसलेल्याच्या खिशातला फोन. इथे एका बाप-लेकाची गोष्ट आठवते. जेफ रास्किन यांनी अ‍ॅपलमध्ये मॅकिंटॉश संगणकाचा प्रकल्प सुरू केला. माणसाचे लक्ष एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते आणि यंत्राने ते जपले पाहिजे, असा आग्रह त्यांनी २००० साली एका पुस्तकात मांडला. त्यांचा मुलगा अझा याने २००६ साली कधीच न संपणारे पान रचले. बोट फिरवत राहा, खालून नवे येतच राहते. हेतू सोयीचा होता, पुढचे पान मागण्याची तसदी वाचावी एवढाच. पण पान संपणे ही थांबण्याची खूण असते, ती खूणच गेली. अझाने पुढे याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तोवर ती युक्ती जगभरच्या पडद्यांवर पोचली होती आणि जाहिरातींच्या धंद्याला ती फारच मानवली होती.

२०१८ साली अ‍ॅपल आणि गूगलने वेळ मोजण्याच्या, मर्यादा घालण्याच्या सोयी फोनमध्ये आणल्या. चांगले झाले. मात्र न संपणारे पान आपोआप समोर येते आणि लगाम सेटिंगमध्ये जाऊन शोधावा लागतो. अभ्यासिकेच्या दारात ढोल बडवून आत कापसाचे बोळे ठेवावेत, तसा हा प्रकार. थांबण्याची खूण आधीपासूनच असावी आणि ज्याला नको त्याने ती काढावी, असा उलटा नियम लावायला तंत्राची अडचण नाही, धंद्याची आहे. त्यामुळे तो कंपन्यांच्या मर्जीवर सोडून भागणार नाही.

घरापुरते बोलायचे तर फोन चार्जिंगला लावायची जागा अभ्यासाच्या खोलीबाहेर हलवता येते, टेबल रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर नेता येते. एक खोलीच असेल तर ठरावीक दोन तास ती सगळ्यांचीच अभ्यासिका करावी लागेल. त्यात आजीची मालिका बुडेल आणि बाबांना आपले व्हिडिओ कानात तार घालून पाहूनही चालणार नाही. कारण समोर कोणीतरी बोट फिरवत बसले आहे, हे त्या पोराला दिसतच असते.