डबा, दान आणि हक्क



परवा बैठकीसाठी नवेगाव बांधला गेले होते. सहावी-सातवीतल्या काही मुली पत्र्याचा डबा घेऊन आल्या. २०२३ पासून युद्धात होरपळणाऱ्या सुदानमधल्या मुलांच्या जेवणासाठी त्या रुपया-दोन रुपये गोळा करत होत्या. मी पैसे टाकले, मनापासून टाकले. खाऊचे पैसे राखून न पाहिलेल्या पोराचा विचार करणं ही लहान गोष्ट नाही.

त्या गेल्यावर एक बाई हळूच म्हणाली, "ताई, त्यातल्या एकीच्या धाकट्या भावाचंच वजन भरत नाही."

बैठकीचा विषय तिथेच बदलला. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या छत्तीस मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. आणि हा तर भाताचा, तळ्यांचा, मासळीचा मुलूख! मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईच्या चुलीवर मासळी किती शिजते? शिजलीच तर कुणाच्या ताटात पडते?

मुलींच्या दानाला मी नावं ठेवणार नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई आणि सत्यशोधक मंडळींनी उपाशी मुलांना जेवू घातलं, ते लोकांच्या मदतीवरच. पण आज आपल्याजवळ कायदाही आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळायला हवं. कुपोषित मुलासाठी घरी न्यायचा आहार. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. हक्काचा जाब विचारता येतो.

हा हक्क ताटापर्यंत पोचवणाऱ्या सेविकेला मात्र पगार नाही, 'मानधन' आहे. बाईच्या कामाचं मोल कमी धरलं की पोराचं ताटही हलकं होतं. सेविकेला दोष देऊन आपली सुटका नाही. तिची लढाई आणि मुलाच्या घासाची लढाई एकच आहे.

म्हणून गटांना विनंती, या तीन महिन्यांत एक सकाळ अंगणवाडीत बसा. वजनाची नोंद पाहा, आहार वेळेवर येतो का विचारा, कमी दिसेल ते सेविकेला सोबत घेऊन ग्रामसभेत मांडा.

आणि डबा घेऊन फिरणारी ती मुलगी घरी सगळ्यांच्या शेवटी जेवते का, तेही विचारा.