मार्फत ५६ एपीओ

सैन्यातल्या माणसाचा पत्ता वाचून तो कुठे आहे हे कळत नाही. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत ५६ एपीओ' नाहीतर '९९ एपीओ'. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. ५६ म्हटलं की पत्र दिल्लीच्या लष्करी टपालकेंद्रातून पुढे जाणार, ९९ म्हटलं की कोलकात्याच्या. त्यापुढे बर्फ आहे, वाळू आहे की जंगल, हे पाठवणाऱ्याने विचारायचं नाही. माझ्या सासरी हा पत्ता माजघराच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेला होता. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. पत्र लिहून द्यायला शाळेतलं जे पोर हाताशी लागेल त्याला पत्ता सांगत बसायला नको, म्हणून.

सातारा जिल्ह्यात असं घर शोधावं लागत नाही. साताऱ्यापासून थोड्या अंतरावरच्या अपशिंग्याच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्द कायमचाच जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. दर वर्षी १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आपण अशा गावांबद्दल बोलतो, शौर्याबद्दल बोलतो, आणि ते बोलायलाच हवं. मला मात्र आज त्या घरांत मागे राहिलेल्यांबद्दल लिहायचं आहे. विशेषतः ते रोज जे लपवतात, त्याबद्दल.

माझे मोठे दीर मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९९९च्या उन्हाळ्यात त्यांची पलटण 'वर गेली', एवढंच घरी माहीत होतं. वर म्हणजे किती वर, ते टीव्हीवरच्या बातम्यांवरून ज्याने त्याने ठरवायचं. फोन गावात एकच, किराणा दुकानात. त्याचा पीपी नंबर पलटणीतल्या कागदांत लिहिलेला. दुकानदाराचा मुलगा पळत आला की जाऊबाई पदर खोचून, चुलीवरचं तसंच टाकून धावायच्या, आणि पोहोचेपर्यंत बहुतेकदा लाइन तुटलेली असायची. मग तिथेच पोत्यांवर बसून राहायचं, पुन्हा लागेल म्हणून. कधी लागायचा, कधी नाही.

आंतरदेशीय पत्रं यायची. मजकूर ठरलेला: मी इकडे खुशाल, तुमची खुशाली कळवावी, थोरल्याला अभ्यास करायला सांगणे, तब्येतीस जपणे. दोन पत्रांतली चार ओळींची अदलाबदल केली तरी चाललं असतं. पण जाऊबाई मजकूर वाचतच नव्हत्या म्हटलं तरी चालेल. त्या तारीख बघायच्या, आणि अक्षर. अक्षर घाईचं असेल तर कुठेतरी निघायचं आहे. पत्र शिसपेन्सिलीने लिहिलेलं असेल तर फार थंडीत आहेत, बॉलपेन चालत नाही. एकदा सबंध पत्र नीट, सावकाश, सरळ ओळींत लिहिलेलं आलं. ते पाहून त्या सर्वांत जास्त घाबरल्या. 'एवढा येळ कुठनं मिळाला ह्यास्नी?' एवढंच बोलल्या आणि पत्र घडी करून डब्यात ठेवून दिलं.

अंदाज खरा होता. दीर मिलिटरी हॉस्पिटलात होते, पायात लोखंडाचा तुकडा घुसला होता. हे घरी कळलं ते सुट्टीवर आल्यावर, आंघोळीच्या वेळी व्रण दिसला तेव्हा. आणि त्याच सुट्टीत त्यांनाही कळलं की आपण वर होतो त्या काळात धाकटा विषमज्वराने पंधरवडाभर अंथरुणात होता आणि विहिरीवरची मोटर विकावी लागली होती. जाऊबाईंनी एका शब्दाने कळवलं नव्हतं. 'त्यास्नी सांगून काय उपेग? तिथनं ते काय करणार? नुसता जीव खालीवर.' दीर काही बोलले नाहीत. बोलण्यासारखं त्यांच्याकडेही काही नव्हतं.

ह्याला खोटेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. समोरच्याने उद्या सकाळी धड पाऊल टाकावं म्हणून स्वतःची काळजी स्वतःच्याच पोटात ठेवणं, हे काम आहे, आणि फार जड काम आहे. बाईच्या वाट्याला ते दुहेरी येतं. नवऱ्यापासून घर लपवायचं आणि घरातल्या म्हाताऱ्यांपासून, मुलांपासून स्वतःची भीती लपवायची. त्यातून पुन्हा जगापुढे 'वीरपत्नी'सारखं ताठ उभं राहायचं, कारण लोक तीच अपेक्षा करतात.

हे आजचं नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं बुलोन्यच्या सेन्सॉर कचेरीत उघडली जात, वाचली जात, त्यांतल्या उताऱ्यांचे इंग्रजी तर्जुमे होत. बरेचसे शिपाई निरक्षर, म्हणजे पत्र आधी लेखनिकाला सांगायचं, मग साहेबाने वाचायचं, मग गावात आणखी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. इतक्या कानांतून बायकोशी काय बोलणार? तरी माणसांनी वाट काढली. काही पत्रांत काळी मिरी आणि लाल मिरची यांचे हिशेब येतात. काळी म्हणजे आपले शिपाई, लाल म्हणजे गोरे. काळी फार खर्ची पडते आहे, एवढं लिहिलं की गावाने समजायचं. सेन्सॉरलाही ते समजत होतं. ती पत्रांची टिपणं आज लंडनमध्ये ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतली निवडक पत्रं पुस्तकरूपाने छापली आहेत.

आपल्याकडची माणसं फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमियात अधिक गेली. पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. शेवटी घोड्यांचं मांस खायची वेळ आली, मग शरणागती, मग वाळवंटातून पायपीट करत तुर्कांच्या कैदेत. त्यांतले किती वाटेतच पडले. साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या घरांत तेवढा काळ काय होतं? काहीच नव्हतं. पत्र नाही, निरोप नाही, आणि गेला असं म्हणणारंही कोणी नाही. कुंकू लावायचं की पुसायचं हे ठरवायलासुद्धा आधार नाही. आपल्याकडे अनेक गावांत, चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत, त्या महायुद्धाची संगमरवरी पाटी असते: ह्या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. त्यांची वाट बघणाऱ्यांची नोंद कुठल्याच पाटीवर नाही.

आता फोन आहे, असं लोक मला सांगतात. आहे, खरंच आहे. सियाचीनवर १३ एप्रिल १९८४ पासून आपलं सैन्य बसलेलं आहे. वरच्या चौक्यांवर सुमारे तीन महिने काढायचे, असा तिथला रिवाज. पूर्वी तिथून सॅटेलाइट फोनवर बोलायला मिनिटाला ५ रुपये पडत, शिवाय महिन्याचं वेगळं भाडं. २०१७च्या दिवाळीत सरकारने तो दर १ रुपया केला आणि भाडं काढून टाकलं. ऑक्टोबर २०२३मध्ये बीएसएनएलने १५,५०० फुटांपेक्षा उंचावर मोबाइलचा टॉवर उभारला. जानेवारी २०२५मध्ये सेनादिनाच्या तोंडावर खासगी कंपनीची ४जी, ५जी सेवाही तिथे पोहोचली. ज्यांनी ते खांब आणि यंत्रं तिथवर वाहून नेली त्यांचे फार उपकार आहेत.

पण वाट बघणं त्याने कमी झालं का? माझ्या डोळ्यांदेखत तरी नाही झालं. पत्राच्या काळात पंधरा दिवस शांतता ही नेहमीची गोष्ट होती. त्या शांततेत धुणं व्हायचं, भांगलण व्हायची, पोरांच्या परीक्षा व्हायच्या. आज सकाळचा मेसेज संध्याकाळपर्यंत एका टिकवर अडकून राहिला की घरातलं सगळं थांबतं. जाऊबाईंचा थोरला, माझा पुतण्या, आता फौजेत आहे, आणि त्याच्या बायकोला, आमच्या नव्या सूनबाईला, मी रात्री दोन वाजता फोनचा उजेड तोंडावर घेऊन बसलेली पाहिली आहे. चौकीवर नेटवर्क असतं तसं नसतंही. गस्तीवर निघाला की फोन मागे राहतो. कधी वरून हुकूम येतो, फोन बंद. सुरक्षेसाठी काही अ‍ॅप वापरायची मुभा नसते. जुलै २०२० मध्ये तर फेसबुकसह ८९ अ‍ॅप काढून टाकायला सैन्याने सांगितलं होतं, आणि ते योग्यच होतं. ही कारणं सूनबाईला तोंडपाठ आहेत. रात्री दोन वाजता कारणांचा उपयोग होत नाही. आणि रेंज फक्त तिकडेच नसते असंही नाही. पाटण, जावळीच्या खोऱ्यांतल्या वाड्यांवर इकडेही रेंज नसते. तिकडून फोन येईल म्हणून इकडच्या बायका टेकाडावर जाऊन बसतात.

फोन लागला की काय होतं, तेही सांगते. सॅटेलाइटच्या फोनवर आवाज उशिरा पोहोचतो. त्यामुळे दोघं एकदमच 'हॅलो' म्हणतात, दोघं एकदमच थांबतात, मग पुन्हा दोघं एकदमच बोलायला लागतात. त्यात पाच मिनिटांपैकी एक जातं. त्याच्यामागे रांगेत आणखी जण उभे असतात, इकडे सासू, सासरे, दीर, लहान पोर. सूनबाईने कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे, फोन आला की बोलायच्या गोष्टींचा. मी तो वाचला. सोसायटीचा हप्ता भरला. बाळाला दुसरा दात. मामांच्या घरचं लग्न ठरलं. अण्णांची औषधं चालू. खाली एक ओळ लिहून गिरवून खोडली होती. काय होती ते मी विचारलं नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या त्याच दिरांना, त्या आठवड्यात छातीत दुखून दवाखान्यात ठेवलं होतं. 'औषधं चालू' हे तिने शोधलेलं वाक्य होतं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती, आणि पोरगी जाऊबाईंचं काम बिनबोभाट शिकली होती.

आपण बाहेरची माणसं या घरांचं ओझं वाढवतो, याचा मला राग येतो. फेब्रुवारी २०१६ आठवा. ३ तारखेला सियाचीनवर १९ हजार फुटांहून उंचावरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जण गाडले गेले. त्यांतला एक आपल्या माण तालुक्यातला होता. दुसऱ्याच दिवशी कोणी वाचलं नसावं असं जाहीर झालं. आणि मग सहाव्या दिवशी बर्फाखाली कर्नाटकातला एक जवान जिवंत सापडला. देश आनंदला, त्याच्यासाठी प्रार्थना केल्या. बाकीच्या नऊ घरांत त्या रात्री काय झालं असेल, याचा विचार किती जणांनी केला? मनाशी पक्की केलेली गोष्ट पुन्हा सैल झाली असेल, आशा परत आली असेल, आणि पुन्हा गेली असेल. तो जवानही ११ तारखेला दिल्लीच्या इस्पितळात गेला.

मे २०२५ तर परवाचीच गोष्ट. यात्रांचे, लग्नसराईचे दिवस, त्यामुळे जवान सुट्टीवर घरी आलेले. ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि सुट्ट्या रद्द झाल्या. पुतण्या जेवणाच्या ताटावरून उठला, ट्रंक भरली, स्टेशन गाठलं. त्यानंतर त्याचा फोन बंद, आणि घरातला टीव्ही चालू. ८ मेच्या रात्री वाहिन्या ओरडून सांगत होत्या की कराची बंदर पेटलं, अमुक शहर पडलं. दुसऱ्या दिवशी त्यांतलं बरंच खोटं निघालं. ज्यांना करमणूक हवी होती त्यांनी चॅनेल बदललं. आमच्या घरात त्या रात्री कोणी झोपलं नाही. जाऊबाईंनी शेवटी उठून टीव्हीची वायरच काढून घेतली. मला वाटतं त्या सबंध आठवड्यात त्या घरात कोणी केलेली ती सर्वांत शहाणपणाची गोष्ट होती.

छावणीतल्या बायकांचं एक बरं असतं. शेजारच्या क्वार्टरमध्येही तीच शांतता असते. सैन्यातल्या पत्नींची संघटना १९६६पासून काम करते, कोणीतरी दार ठोठावून चहाला बोलावतं, आणि एका घरी फोन आला की दहा घरांना कळतं पलटण ठीक आहे. गावातली सून एकटी असते. तिच्या भोवतीच्या प्रत्येकाकडे एकच प्रश्न असतो: 'आला का फोन?' नळावर, दुकानात, एसटीत. विचारणाऱ्याच्या मनात माया असते, पण तिला दिवसातून आठ वेळा 'नाही' म्हणावं लागतं. त्याऐवजी बाळाला तासभर सांभाळतो म्हणा. गिरणीवरून दळण आणून द्या.

आणि कागद. ह्याबद्दल मी गावातल्या प्रत्येक नव्या सुनेच्या मागे लागते. लग्न झालं की पलटणीत पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या दप्तरातली नोंद, निघाली पाहिजे, मूल झालं की त्याचीही. नवऱ्याचा नंबर, पलटण, कंपनी, रेकॉर्ड ऑफिस, आणि सुभेदार मेजरांचा फोन, हे एका वहीत, एका जागी. आधार कार्डावरचं, बँकेतलं आणि सैन्याच्या नोंदीतलं नाव एकच हवं, काना-मात्रेसकट. नावातल्या एका अक्षराने पेन्शन वर्ष वर्ष अडकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सूनबाईच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव आहे, आणि पलटणीच्या नोंदीत सासरचं. हे पुतण्याला फोनवर सांगायची गरज नाही. सोमवारी आम्ही दोघी साताऱ्याला जातो आहोत, आधी आधार केंद्रात आणि तिथून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. बाळाला जाऊबाई ठेवून घेणार आहेत.