गाडीची कल्हई

‘मॅडम, सिरॅमिक कोटिंग पण करून टाका. पाच वर्षं गाडी नव्यासारखी चकाकेल.’

भाजीवालीने पिशवीत वरून कढीपत्त्याची काडी टाकावी, इतक्या सहज शोरूममधला तो मुलगा बोलला. फक्त या कढीपत्त्याची किंमत होती २८ हजार रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे झाले ३३ हजार ४० रुपये. नवऱ्याने मुलाकडे पाहिलं, मुलाने नवऱ्याकडे पाहिलं आणि दोघांच्याही माना हलल्या. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

गोष्ट २०२५च्या नवरात्रातली. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि आमच्या घरात वर्षानुवर्षं नुसता चर्चेत असलेला गाडीचा विषय मार्गी लागला. २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी दारात आणायची ठरली. निम्मे पैसे माझ्या भिशीचे आणि निवृत्तीच्या पुंजीतले. परळच्या चाळीत सासरे गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे, त्या घरातली ही पहिली चारचाकी. तेव्हा कौतुक मलाही होतंच. पण करातून वाचलेले पैसे शोरूमच्या बाहेर पडायच्या आतच उडायला निघालेले पाहून मी म्हटलं, ‘विचार करून सांगते.’

‘यात विचार कसला करायचा, आई?’ मुलगा म्हणाला.

विचार करण्यासारखं होतं, मैत्रिणींनो. आमच्या घरात मिक्सर बदलायला तीन महिने चर्चा चालते. सासूबाईंच्या कानाच्या यंत्राचा विषय दोन वर्षं लांबणीवर पडला होता. ‘आता या वयात कशाला एवढे पैसे?’ असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि आम्ही सगळे ते सोयीस्करपणे ऐकायचो. गणपतीत लालबागेतून ढोल-ताशा वाजत निघाला की आम्ही कानांवर हात ठेवतो. सासूबाई मात्र खिडकीत शांत बसून असतात. यंत्राची किंमतही साधारण तेवढीच, तीसेक हजार. तिथे दोन वर्षं आणि इथे पाच मिनिटं?

माझं माहेर गिरगावचं. लहानपणी आमच्या चाळीच्या चौकात कल्हईवाला यायचा. खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता हलवायचा. पातेलं तापलं की नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने असा काही हात फिरवायचा, की काळपट पातेलं चांदीसारखं दिसू लागायचं. आम्ही पोरं ती चकाकी बघायला जमायचो. पण आई कल्हई चकाकीसाठी करून घेत नव्हती. पितळेच्या भांड्यात आमटी, ताक, काहीही आंबट ठेवलं की ते कळकतं, पोटाला बाधतं. कल्हई हवी ती त्यासाठी. आणि ती झिजली की पुन्हा करायची, हेही आईच्या हिशेबात धरलेलं असायचं.

म्हणून मी स्वतःला तोच प्रश्न विचारला. ही कल्हई केली नाही, तर गाडीत नेमकं काय कळकणार आहे?

लालबागला एका गल्लीत गाड्या रंगवणारे एक जुने कारागीर आहेत. त्यांनी मला एका जुन्या दरवाजाचा पत्रा दाखवूनच समजावलं. पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. कंपनीतून गाडी येते ती हे संरक्षण अंगावर घेऊनच. या सगळ्याची मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. पारदर्शक थर त्यातला चाळीसेक मायक्रॉनचा. त्याच्यावर सिरॅमिक म्हणून जे लावतात, ते असतं एक द्रवच. त्यात मुख्यतः सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे वाळूत आणि काचेत असतं तेच. ते सुकून रंगाला घट्ट धरून बसतं. पण थर केवढा? एक-दोन मायक्रॉन!

हा थर फसवा आहे असं मात्र नाही हं. त्याचे गुणही सांगायला हवेत. पाणी त्यावर अळूच्या पानावरच्या थेंबासारखं घरंगळतं. धूळ, चिखल कमी चिकटतो, धुणं सोपं जातं. उन्हाने रंग फिका पडायचं प्रमाण कमी होतं. पक्ष्याची विष्ठा किंवा झाडावरून पडणारा चिकटा रंगात उतरायच्या आत पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. मेणाचं पॉलिश काही महिन्यांत उतरतं. हा थर चांगला लावला आणि नीट राखला, तर दोन-तीन वर्षं काम देतो.

आता तो काय करत नाही, ते ऐका. हातगाडीचा कोपरा घासला, शेजारच्या मोटरसायकलचं हँडल लागलं, हायवेवर खडी उडाली, तर तो काहीही अडवत नाही. खडीपासून थोडाफार बचाव करते ती वेगळी वस्तू, प्लॅस्टिकची जाड पारदर्शक फिल्म. तिची किंमत याच्या कितीतरी पट. दुसरी गोष्ट गंजाची. मुंबईची खारी हवा म्हटली की आपल्याला गंजाची भीती घालतात. पण गंज बहुतेकदा सुरू होतो तो तळाला, दाराच्या खालच्या कडांना आणि रंग उडालेल्या जागी. बॉनेटवरच्या चकचकीत थराचा तिथे काय उपयोग?

शोरूमच्या पत्रकावर ‘९एच कडकपणा’ असं ठळक छापलं होतं. मला वाटलं, हिऱ्याच्या जवळपास काहीतरी असणार! नंतर कळलं, हा ‘एच’ मुलांच्या कंपासपेटीतला. एचबी, टूएच अशा पेन्सिली असतात ना, त्यातली अतिशय कडक ९एच. तिने ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरची रेती पेन्सिलपेक्षा पुष्कळ कडक असते. वीसेक वर्षांपूर्वी असंच ‘टेफ्लॉन कोटिंग’ विकलं जायचं, आठवतंय? आपल्या तव्यावर टेफ्लॉन बसवायला तीनशे अंशांच्या वर उष्णता द्यावी लागते. गाडीला तेवढी आच दिली तर तिचा मूळ रंगच जळून जाईल. नाव तव्याचं, काम पॉलिशचं, असा तो प्रकार होता.

मग मी हमीपत्र वाचायला मागितलं. आमच्यापुढे ठेवलेल्या कागदावर पाच वर्षं मोठ्या अक्षरात होती. दर सहा महिन्यांनी पैसे भरून तपासणी करून घ्यायची, ओरखडे धरायचे नाहीत, विष्ठेचे डाग वेळेत पुसले नाहीत तर धरायचे नाहीत, हे सगळं बारीक अक्षरात. एक गंमत म्हणजे कोटिंगनंतर आठवडाभर गाडी धुवायची नाही, म्हणजे दसऱ्याला बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं, तर ते आठवडाभर तसंच!

मी वहीत हिशेब मांडला. थर तीन वर्षं टिकला असं धरलं, तरी ३३ हजार ४० म्हणजे महिन्याला नऊशे रुपयांच्या वर. आमच्या इमारतीत सकाळी गाड्या पुसायला एक मुलगा येतो. तो एका गाडीचे महिन्याला सहाशे घेतो. एक बादली, एक फडकं आणि ओळीने दहा-बारा गाड्या! मेट्रोची खोदाई, जुन्या गिरण्यांच्या जागी चाललेले टॉवर, त्यात एल्फिन्स्टनचा पूल त्याच सप्टेंबरात पाडायला बंद केलेला. सगळी धूळ गाड्यांवर. ती कोरड्या फडक्याने पुसली की उन्हात गोल गोल बारीक रेघा दिसतात ना, त्या तिथूनच येतात. रंगाचं जास्त नुकसान होतं ते या रोजच्या पुसण्याने. आणि त्याच फडक्याने सिरॅमिकचा थरही झिजतो.

म्हणून मी त्या मुलाशी बोलले. आमच्या गाडीसाठी दोन बादल्या आणि चार मऊ मायक्रोफायबरची फडकी आणून दिली. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मगच पुसायचं. रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. काम कमी झालं तरी पैसे सहाशेचे आठशे. त्याने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, पण आता तो शेजारच्या गाड्यांनाही तसंच करतो. वर्षातून दोन-तीनदा मेणाचं पॉलिश लावायचं काम मुलाने अंगावर घेतलंय.

तुमच्या गावी हिशेब थोडा वेगळा असू शकेल. पाणी बोअरचं, जड असेल, तर उन्हात गाडी धुतल्यावर पांढरे ठिपके राहतात. ते सिरॅमिकवरही राहतात, हे लक्षात ठेवा. सावलीत धुणं आणि लगेच टिपून कोरडं करणं, हाच त्यावर उपाय. गाडी काळी किंवा गडद रंगाची असेल, बारा महिने उन्हात उभी राहत असेल, सात-आठ वर्षं ठेवायची असेल आणि घरात ती स्वतः नीट धुणारं कुणी असेल, तर जरूर विचार करा. फक्त शोरूममध्ये घाईत हो म्हणू नका. मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ गाड्यांच्या सजावटीची दुकानं आहेत, तशी तुमच्या जिल्ह्याच्या गावीही असतील. दोन ठिकाणी भाव विचारा, लावण्याआधी रंग साफ करून घेणार का ते विचारा आणि हमीपत्र घरी आणून वाचा. विकताना जास्त भाव येईल म्हणून कुणी सांगितलं, तर त्यावर विसंबू नका. जुनी गाडी घेणारा आधी साल, किलोमीटर आणि अपघात बघतो.

आणि हौस असेल तर हौस म्हणून करा, माझी ना नाही. आपण पैठणी गरजेपोटी थोडीच घेतो! फक्त हौसेला गरजेचं नाव देऊ नये. घरात पुरुषांच्या हौसेला ‘संरक्षण’ म्हणायचं आणि बायकांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या गरजेला ‘आता कशाला’ म्हणायचं, हे मला खटकलं. नवऱ्यासमोर वही ठेवली, तेव्हा त्यांनी दोनदा बेरीज तपासली आणि म्हणाले, ‘आईचं यंत्र आधीच घ्यायला हवं होतं.’ ‘आईला नको होतं’ असं ते म्हणाले नाहीत, हे मला बरं वाटलं.

दिवाळीच्या खरेदीला लालबागच्या मसाल्याच्या गल्लीशी थांबलो होतो, तेव्हा एक हातगाडी डाव्या दाराला घासून गेली. बोटभर लांब ओरखडा. मुलगा हळहळला, मग स्वतःच म्हणाला, ‘कोटिंग असतं तरी आलाच असता.’ लालबागच्या कारागिरांनी तेवढी जागा रंगवून दिली.

सासूबाई त्या दिवशी मागच्या सीटवर होत्या, कानात नवं यंत्र घालून. ओरखड्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. परळ नाक्यापर्यंत गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘अगं, केवढा हॉर्न वाजवतेस तू! माणसं घाबरतील की.’