इंग्रजीत पास, आदेश वाचताना नापास

४ जुलै २०२५. सोमनाथ सूर्यवंशी यांच्या कोठडीतील मृत्यूप्रकरणी पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला. पुढे आदेशाची पीडीएफ मोबाईलवर आली तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात पोरं जमली होती. प्रत्येकाने ती चार ग्रुपवर पुढे पाठवली. वाचली कुणीच नाही, कारण ती इंग्रजीत होती.

जमलेल्यांत बी.ए. झालेले होते, बी.कॉम. झालेले होते. पदवीला सक्तीचं इंग्रजी सगळ्यांनी पास केलेलं. शेवटी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्यातल्याच एका सरांना बोलावलं. त्यांनी एकेक परिच्छेद वाचायचा, मराठीत सांगायचा आणि आम्ही ऐकायचं. रात्री उशिरा उठलो तेव्हा आनंद होता आणि लाजही होती.

सोमनाथ स्वतः कायद्याचा विद्यार्थी होता. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत त्याला उचललं आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा जीव गेला. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, हे शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालातलं मृत्यूचं कारणसुद्धा इंग्रजीतच लिहिलेलं होतं. आपल्या माणसाच्या मरणाचं कारण आपल्यालाच दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागत असेल, तर पदवीच्या तीन वर्षांत विद्यापीठाने आपल्याला इंग्रजीच्या नावाखाली नेमकं काय शिकवलं?

हा प्रश्न घेऊन आम्ही जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना भेटलो. परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू असे फिरलो. नावं लिहीत नाही. कंत्राटी माणसाचं नाव छापलं की पुढच्या वर्षी त्याचे तास कापले जातात, हे आम्हाला माहीत आहे.

पहिलं उत्तर सगळीकडे एकच मिळालं. “पोरं कच्ची येतात. बारावी पास आहेत, पण साधं वाक्य लिहिता येत नाही.”

सर, खरं आहे. पण मग पुढचं बोला. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्यानंतर शाळेत गेलेलं पोरगं बारावीपर्यंत बारा वर्षं इंग्रजीच्या तासाला बसतं आणि तरीही त्याला वाक्य येत नाही. बारा वर्षांत एकाच पोराचं चुकलं तर ते पोरगं कच्चं. अख्ख्या तालुक्याचं चुकत असेल तर शिकवणं कच्चं. जिंतूरच्या तांड्यावरची मुलगी घरी गोरमाटी बोलते, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. तीन भाषा पेलणाऱ्या डोक्याला कच्चं म्हणता? इंग्रजी तिची चौथी भाषा. ती तिच्या घरात नाही, गल्लीत नाही, एसटीत नाही. तिच्यासाठी ती सरळसरळ परकी भाषा आहे.

आणि इथेच अभ्यासक्रमाची चोरी पकडली जाते. परकी भाषा शिकवण्याची रीत जगभर ठरलेली आहे. आधी ऐकणं आणि बोलणं, सोबत वाचणं आणि लिहिणं, रोज थोडं, लहान गटात. परदेशात शिकायला जायचं तर जी आयईएलटीएस परीक्षा द्यावी लागते, तिच्यात या चारही गोष्टी वेगवेगळ्या तपासतात. आपल्याकडे मात्र एक धडा, एक कविता, शेवटी थोडं व्याकरण. ज्याला भाषा आधीच येते त्याला साहित्याची गोडी लावायचा हा अभ्यासक्रम आहे. ज्याला ती येत नाही तो काय करणार? चौकातल्या दुकानातून ‘अपेक्षित’ आणतो, कवितेचा सारांश पाठ करतो, पास होतो. परीक्षा त्याची पाठांतराची झाली, गुणपत्रिकेवर नाव इंग्रजीचं छापलं.

दुसरं उत्तर प्रामाणिक होतं. “आम्हालाही कळतं. पण अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवतं. भरगच्च वर्गात बोलायला शिकवायचं कसं? मराठीत समजावलं तर आपल्यालाच कमीपणा वाटतो.”

या शिक्षकांशी आमचं भांडण नाही. त्यांतले कितीतरी आपल्याच वस्त्यांतून आलेले, नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले आहेत. कायमच्या जागा भरल्या जात नाहीत, म्हणून तासावर राबतात. जूनमध्ये नोकरी असेल की नाही हे ज्याला मेमध्ये माहीत नसतं, तो मंडळासमोर उभा राहून अभ्यासक्रम बदला म्हणेल कसा? जागा भरा आणि बिंदुनामावलीनुसार भरा, ही मागणी म्हणूनच विद्यार्थ्यांचीही मागणी आहे. तिला प्राध्यापक संघटनांच्या गळ्यात टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

पण मराठीत समजावण्याची लाज कसली? कुळवाच्या, पाळीच्या गावातून आलेलं पोरगं इथल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेती इंग्रजीत शिकतं आणि नोकरीला लागल्यावर शेतकऱ्याशी मराठीत बोलतं. या जिल्ह्याचं सगळं शिक्षण असं दोन भाषांच्या मधल्या पुलावर उभं आहे. मग इंग्रजीच्या वर्गातच मराठी का बाटते?

तिसरं उत्तर मात्र डोक्यात तिडीक आणणारं होतं. “सगळ्यांना इंग्रजी हवंच कशाला? ज्याला झेपेल तो शिकेल.”

हे वाक्य जुनं आहे. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढायला पुढे होते. त्याच चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या मराठीच्या चुका काढून टिंगल केली. स्वतःच्या पोरांना वाघिणीचं दूध आणि माळ्याच्या पोराला व्याकरणाची छडी! जोतीराव थांबले नाहीत. १८८२ साली त्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं, तेही इंग्रजीत. त्यात शाळा मागितल्या आणि काय शिकवायचं हेही सांगितलं. मोडी आणि बाळबोध वाचन, हिशेब, शेती, आरोग्य. ज्याच्यासाठी शिक्षण, त्याच्या जगण्याला ते लागू पडलं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. आम्ही आज विद्यापीठाला तेच विचारतो आहोत.

सत्तेची भाषा आमच्या घरांनी दोनदा बदलताना पाहिली. पणजोबांच्या काळी परभणी निजामाची. कचेरी उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ उर्दूत. १९४८ नंतर कारभार हळूहळू मराठीत आला तेव्हा आजोबांनी मराठीत अर्ज लिहायला शिकलं. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं म्हणून मराठवाड्यातल्या आमच्या पहिल्या पिढीने पदवी पाहिली. आता दार इंग्रजीचं आहे. संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीच्या ३०० गुणांच्या पेपरात किमान २५ टक्के मिळाले नाहीत, तर बाकीचे पेपर तपासलेच जात नाहीत. परदेशी शिक्षणासाठीची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती असली, तरी भाषेची परीक्षा ओलांडल्याशिवाय बहुतेक विद्यापीठं दार उघडत नाहीत.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, न्यायालयच मराठीत आणा. आणा, आम्हीही त्या मोर्चात असू. पण तोवर आपली फाईल कोण वाचणार? बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढला आणि ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ इंग्रजीत लिहिलं. आपल्या माणसाला जागं करायला एक भाषा, सत्तेला जाब विचारायला दुसरी. दोन्ही हत्यारं त्यांनी सारखीच परजली. एक टाकून दुसरं घ्या, असं त्यांच्या आयुष्यात कुठेच दिसत नाही.

म्हणून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आमची मागणी स्पष्ट आहे. पदवीचं इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवा. प्रवेशाच्या वेळी कुणाला किती येतं ते पाहा आणि त्या पायरीपासून सुरू करा. वाचायला शासन निर्णय द्या, न्यायालयाच्या आदेशातले उतारे द्या, संविधानाची कलमं द्या. कविता जरूर ठेवा, पण ती वाचता आल्यानंतर. बोलण्याची परीक्षा घ्या आणि ती खरी घ्या. वर्ग लहान करा, त्यासाठी शिक्षक नेमा. मराठीतून इंग्रजीकडे नेणारी पाठ्यपुस्तकं काढा. ती लिहायला या जिल्ह्यातले तासिकेवरचे शिक्षक बसवा, कारण पोरगं कुठे अडतं ते त्यांनाच माहीत आहे.

विद्यापीठ ऐकेपर्यंत आपणही बसून राहायचं नाही. आमच्या विहारात दर रविवारी दोन तास वर्ग सुरू केला आहे. त्या रात्री आदेश वाचून दाखवणारे सरच शिकवतात. पहिला धडा कलम २२ चा घेतला. अटक झालेल्या माणसाला अटकेचं कारण सांगितलं पाहिजे आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे. आधी मराठीत वाचलं, मग इंग्रजीत, मग प्रत्येकाने उभं राहून आपल्या शब्दांत सांगितलं. पोरं अडखळली, हसली, पुन्हा उभी राहिली. ज्या पोराला कॉलेजात तीन वर्षांत कुणी उभं केलं नव्हतं, त्याने त्या दिवशी कलम २२ इंग्रजीत सांगितलं.

पोरगं कच्चं नव्हतं. तुमच्या नगरात, तुमच्या विहारातही असे दोन तास काढा. पुढचा आदेश येईल तेव्हा तो पुढे पाठवण्याआधी आपण स्वतः वाचलेला असला पाहिजे.

जय भीम!